नाग नदीकाठची ब्राह्मी

आमच्या कुहीत पावसाळा संपला की ब्राह्मीची पोती येऊ लागतात. पुनर्नवा, माका, गोरखमुंडी, वेखंड ही त्याच सुमाराची मंडळी. वैद्याच्या दृष्टीने हा तालुका पाणथळ आहे आणि म्हणूनच श्रीमंत आहे. कुही, मांढळ, भिवापूर हा पट्टा बाजारात मिरचीसाठी ओळखला जातो. पण ज्याला वनस्पती ओळखता येते त्याला इथल्या बांधांवर, तळ्यांच्या काठांवर आणि नाल्यांच्या उतारांवर निम्मे औषधालय उभे दिसते. या लेखाचा विषय त्या औषधालयाखालची माती आणि त्यातून वाहणारे पाणी हा आहे. सभासद वैद्य आणि औषधनिर्माते यांना तो कितपत रुचेल याविषयी आम्ही साशंक आहोत. तरीही लिहितो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्हांला नेहमी ब्राह्मी पुरवणारी एक वृद्ध मावशी दारात पोते टेकवून बसली होती. ब्राह्मी इतकी सुरेख होती की आम्ही सहज विचारले, "मावशी, यंदा कुठून आणली?" ती म्हणाली, "नाल्यावरून आणतो, डाक्टरसाहेब. तलावावरची बारकी रायते. नाल्यावरची पाहा कशी हिरवीगार, दोन घंट्यात पोतं भरते." नाला म्हणजे कोणता, हे विचारल्यावर तिने ज्या दिशेला हात केला तिकडे नागपूर शहराचे पाणी येते. तोवर कित्येक हंगाम आम्ही तीच ब्राह्मी घेत होतो, वाळवत होतो, तिचे चूर्ण आणि घृत करून लहान मुलांना देत होतो. द्रव्य ओळखण्यात आमची चूक झाली नव्हती. पान जाड, रस भरपूर, कीड नाही, मूळ शाबूत. ग्रंथोक्त लक्षणांच्या कसोटीवर ते पोते पैकीच्या पैकी गुणांनी उतरले असते. ते कोणत्या पाण्यावर वाढले हा एकच प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता.

त्या पाण्याची वाट आधी सांगितली पाहिजे, कारण आपले बाहेरगावचे अनेक वाचक या भागात आले नसतील. नाग नदी वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीवरून नागपूर शहरात शिरते, शहरभर फिरून पिवळी नदीला सोबत घेते आणि पूर्वेकडे कुहीच्या अंगाने वाहत कन्हानला मिळते. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले तिच्यात आज पावसाळ्याचे दिवस सोडले तर मुख्यतः सांडपाणीच असते. कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेस मिळते. आंभोरा हे कुही तालुक्यातले पाच नद्यांच्या संगमाचे क्षेत्र. चैतन्येश्वराचे दर्शन घेऊन लोक तिथे आजही संगमात स्नान करतात. मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथेच रचला असे आम्ही विदर्भातील लोक अभिमानाने सांगतो (अंबेजोगाईकरांचा दावा आम्हांस ठाऊक आहे, तो वाद इथे नको). संगमाखाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचा फुगवटा कुही तालुक्यात शिरला, गावे उठली आणि जे पाणी पूर्वी वाहून जात असे ते आता थांबू लागले. वाहते पाणी आपला मळ पुढे नेते. थांबलेले पाणी तो तळाशी ठेवते.

शहराच्या मैल्यात जंतू असतात हे सर्वांना ठाऊक आहे. जंतूंचा बंदोबस्त ऊन, अग्नी आणि काळ यांनी होतो. पण कोणत्याही मोठ्या शहराच्या सांडपाण्यात केवळ मैला नसतो. बॅटऱ्यांची दुरुस्ती, धातूंना मुलामा देण्याचे कारखाने, रंग, गॅरेजमधले तेल, फुटलेले तापमापक आणि ट्यूबलाइट यांतून शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारद हे सारे गटारातूनच नदीकडे निघतात. मैलाशुद्धीकरण केंद्र उभारले की प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. ती केंद्रे मुळात कुजणाऱ्या द्रव्यासाठी रचलेली असतात. धातू तेथे नष्ट होत नाही. पुष्कळसा गाळात उतरतो, आणि तो गाळ पुन्हा खत म्हणून शेतात जातो. धातू हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, पचत नाही. फक्त जागा बदलते.

कन्हानकडूनही काही येते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे कोळशावर चालतात. कोळसा जळतो, पण त्यातील अल्प प्रमाणात असलेले आर्सेनिक, शिसे यांसारखे धातू राखेत साठतात आणि पाऱ्याचा बराच भाग धुरावाटे बाहेर पडतो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांतून व नाल्यांतून कन्हानच्या पात्रापर्यंत गेला. वृत्तपत्रांत चार दिवस छायाचित्रे आली. पाणी निवळले तसा विषयही निवळला. राख मात्र निवळून तळाशी बसली, एवढाच फरक.

तरीही सारा दोष शहराच्या आणि कारखान्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. काही स्फुरदयुक्त खतांत कॅडमियम असते आणि वर्षानुवर्षे ते आपण स्वतःच्या हाताने शेतात टाकत आलो आहोत. कधी भूमीच विषयुक्त असते. आपल्या सीमेला लागून असलेल्या राजनांदगाव भागातील अंबागड चौकी परिसरात, कौडीकसा या गावी, विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. तिथे कारखाना नव्हता; खडकातूनच ते पाण्यात उतरत होते. 'अरण्यातून आणलेले म्हणून शुद्ध' हे आपले आवडते समीकरण दरवेळी खरे ठरत नाही.

आता वनस्पतीकडे वळू. मुळाला आपले आणि परके यांचा भेद पूर्णपणे कळत नाही. जस्त आणि कॅल्शियम ज्या वाटांनी आत जातात त्याच वाटांनी कॅडमियम आत शिरते, आणि माती आम्लधर्मी असेल तर अधिकच सहज. शिसे सहसा मुळाशीच अडते, वर कमी चढते. म्हणून जिथे मूळ हेच औषध आहे तिथे शिशाची काळजी जास्त, आणि जिथे पान औषध आहे तिथे कॅडमियमची. रस्त्याकाठच्या वनस्पतीची गोष्ट वेगळी. तिच्या पानावर धूळ बसते. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले, पण त्याआधी अनेक दशके महामार्गांच्या कडेला जे शिसे पडले ते त्या मातीत अद्याप आहे. धुळीतले शिसे स्वच्छ पाण्याने धुतल्यावर बरेच निघते. ऊतींत गेलेले निघत नाही.

पाणवनस्पती तर या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. जलपर्णी, जिला आपल्याकडे इकॉर्निया म्हणतात, ती पाण्यातील धातू इतक्या उत्साहाने शोषून घेते की सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोग करावा असे शास्त्रज्ञ सुचवतात. आपल्या निघंटूतील जलकुंभी ती नव्हे, ती पिस्टिया. इकॉर्निया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशातून आली. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने विकली जातात, हे औषधनिर्मात्यांनी ध्यानात ठेवावे. आणि ज्या गुणामुळे जलपर्णी शुद्धीकरणास योग्य ठरते तोच गुण ब्राह्मीतही आहे. बाकोपा ही वनस्पती कॅडमियम, शिसे, क्रोमियम अंगात साठवूनही लवकर कोमेजत नाही, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे. मैल्यातले नत्र आणि स्फुरद तिला पोसतात, धातू तिला मारत नाहीत. आमच्या मावशीने कौतुकाने दाखवलेला तो हिरवेपणा याच कारणाने आलेला असू शकतो. आपली नजर ज्याला 'संपन्न द्रव्य' म्हणते ते नेमके सर्वांत संशयास्पद असावे, असा हा प्रसंग आहे.

नाग हे आपल्या रसशास्त्रात शिशाचे नाव. नदीचे नाव सर्पावरून पडले असे म्हणतात. आमचा या योगायोगावर काही सिद्धांत नाही. पण नागभस्माचे शोधन-मारण किती निगुतीने करावे यावर आपण व्याख्याने देतो, आणि अशोधित नाग पानापानांतून आपल्या खलबत्त्यात येत असेल तर त्याची दखलही घेत नाही, ही विसंगती आम्हांला टोचते.

डिसेंबर २००४ मध्ये 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन' या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्या व्यवसायात उठलेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. ७० पैकी १४ औषधांत शिसे, पारद वा आर्सेनिक निघाले. आपण काय उत्तर दिले? भस्म म्हणजे कच्चा धातू नव्हे, पाश्चात्त्यांना रसशास्त्र कळत नाही, हा बदनामीचा डाव आहे. यातील पहिले विधान विचारार्ह आहे. त्यावर संशोधन झाले पाहिजे आणि होतही आहे. पण ऑगस्ट २००८ मध्ये त्याच नियतकालिकात पुढची तपासणी आली. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ औषधांपैकी सुमारे २१ टक्क्यांत धातू निघाले. रसौषधींत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. तो आपला नेहमीचा वाद. पण रसौषधी नसलेल्या औषधांतही ते सुमारे १७ टक्के होते. या १७ टक्क्यांना रसशास्त्राचे छत्र लागू पडत नाही. त्यांत कोणी शोधन केले नव्हते, मारण केले नव्हते, पुट दिले नव्हते. तो धातू मातीतून, पाण्यातून, दळणयंत्रातून, डब्यातून किंवा भेसळीतून आला होता. भस्मांच्या कैवारात आपण इतके गुंतलो की हा भाग वाचायचाच राहून गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली औषधे घेणाऱ्या सहा गर्भवती स्त्रियांत शिशाची विषबाधा आढळली. त्यांच्या रक्तातील शिसे रसशास्त्रीय की अन्य, हा प्रश्न गर्भाला पडत नाही.

आता थोडे गणित. औषधशाळेत बसणाऱ्यांना ते आवडेल. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. शार्ङ्गधरोक्त क्वाथ घ्या: एक पल द्रव्य म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम, सोळापट पाणी म्हणजे ७६८ मिलिलिटर, आटवून अष्टमांश म्हणजे ९६ मिलिलिटर. समजा आपल्या विहिरीच्या पाण्यात मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम शिसे आहे. आटवताना वाफ जाते, शिसे जात नाही. काही भाग भांड्याच्या क्षारात किंवा चोथ्यात अडकेल हे खरे. तो सोडून दिला तर ७६८ मिलिलिटरमधले सुमारे ३८ मायक्रोग्रॅम शिसे त्या ९६ मिलिलिटरमध्ये एकवटते, म्हणजे तीव्रता आठपट. घन आणि रसक्रिया करताना तर याहून अधिक. पण आता द्रव्याकडे पाहा. वनस्पतिज औषधांत शिशाची मान्य मर्यादा १० पीपीएम आहे. त्या मर्यादेवर असलेल्या ४८ ग्रॅम द्रव्यात ४८० मायक्रोग्रॅम शिसे असते. त्यातले सारे क्वाथात उतरत नाही, पण चूर्णात मात्र सारेच पोटात जाते. गणित सांगते की पाण्याची चिंता करावीच, पण आधी पोत्याची करावी. आम्ही स्वतः अनेक वर्षे औषधशाळेला महागडे जलशुद्धीकरण यंत्र बसवून समाधान मानत होतो. दाराने पोते येत होते ते आमच्या समाधानात मोजले गेले नव्हते.

मर्यादेच्या आत म्हणजे निर्दोष, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शिशासाठी पूर्वी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे आठवड्याला २५ मायक्रोग्रॅम अशी सह्य मात्रा ठरवली होती. २०१० साली ती मागे घेण्यात आली. त्या मात्रेनेही मुलांचा बुद्ध्यंक किमान तीन अंकांनी घटतो असे दिसले, आणि तिच्या जागी नवी सुरक्षित मात्रा सांगणे समितीला शक्य झाले नाही. शिसे लहान मुलाच्या आतड्यातून प्रौढापेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते. ते अस्थींत दशके राहते आणि गर्भारपणात अस्थींतून पुन्हा रक्तात उतरते. कॅडमियम वृक्कात दहा ते तीस वर्षे मुक्काम करते. आता ब्राह्मी आपण कोणाला देतो ते आठवावे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला देतो, स्मृतीसाठी देतो, तेही महिनोन्महिने. बुद्धी वाढवण्यासाठी दिलेल्या द्रव्यातून बुद्धी खाणारा धातू जावा, आणि तो देणारा हात आपला असावा, या शक्यतेपुढे आमची झोप उडाली होती हे प्रांजळपणे सांगतो.

आपल्या शास्त्रात यास आधार नाही असे कोणी म्हणू नये. चरकाच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी वाचला आहे. वायू, उदक, देश आणि काल बिघडले की वेगवेगळ्या प्रकृतीची माणसे एकाच वेळी आजारी पडतात, एवढे उत्तर लिहून आपण गुण मिळवले. त्या अध्यायाचा आरंभ मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहतो. गंगेच्या काठी, कांपिल्याच्या परिसरात फिरताना पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की लक्षणे ठीक दिसत नाहीत. भूमी विरस होण्याआधी, द्रव्यांचे रस-वीर्य जाण्याआधी औषधे गोळा करून ठेवा. रोगाची चिकित्सा सांगण्यापूर्वी आचार्यांना मातीची आणि द्रव्याची चिंता वाटली होती. सुश्रुताने औषधसंग्रहासाठी योग्य भूमी कोणती याचा स्वतंत्र विचार केला, दूषित जलाची लक्षणे दिली, राजाच्या शत्रूने विषयुक्त केलेल्या जलाशयाच्या शोधनाचाही विधी दिला.

पण येथेच एक अडचण आहे, आणि ती मान्य केल्याने शास्त्राचा अवमान होत नाही. दूषित जलाची जी लक्षणे ग्रंथांत आहेत ती वर्ण, गंध, रस, स्पर्श यांची आहेत. पक्षी ते पाणी सोडून जातात, जलचर मरतात, असे ती सांगतात. विरघळलेल्या शिशाला या मात्रेत वर्ण नाही, गंध नाही, चव नाही. बगळे त्या नाल्यावर बसतात. मासे त्यात जगतात आणि धातू अंगी साठवतात. मोठा मासा लहान माशाला खातो, माणूस मोठ्याला. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली जी व्याधी प्रथम लक्षात आली तिच्यात पाणी पिऊन कोणी आजारी पडले नव्हते, मासे खाऊन पडले होते. त्याच देशात तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावरील भातातून कॅडमियम पोटात गेले आणि स्त्रियांची हाडे मोडू लागली. ती व्याधी खाणीच्या पाण्यामुळे झाली हे शासनाने १९६८ साली मान्य केले. जलाशयाच्या तळाशी प्राणवायू नसतो तिथे जिवाणू पाऱ्याचे अधिक घातक रूप तयार करतात, आणि नव्याने बुडालेली झाडी कुजत असेल तर ही क्रिया वेग घेते. फुगवट्याचे पाणी ज्या गावांच्या वेशीला लागले तिथल्या ढिवर बांधवांच्या ताटात रोज मासा असतो. रुग्णाचा इतिवृत्तांत घेताना आपण 'आहार' या सदरात 'मिश्र' असा एकच शब्द लिहितो. मासा कुठला, भाजी कोणत्या पाण्यावरची, हेही विचारायला हवे.

निवळीचे बी, शैवाल, वस्त्र ही जलप्रसादनाची साधने आजही उपयोगी आहेत. गढूळपणाला चिकटलेला धातू त्याबरोबर खाली बसतो. विरघळलेला मात्र बहुतांशी वरच राहतो, आणि उकळल्याने तो जात नाही. 'पाणी उकळून प्या' हा आपला सर्वकालिक सल्ला अतिसारासाठी अमृत आहे. धातूसाठी निरुपयोगी आहे. या मंद, साचणाऱ्या, वर्षांनी फळणाऱ्या विषाचे साम्य आपल्याला कशाशी दिसत असेल तर ते दूषीविषाशी. ते साम्यच आहे, एकरूपता नव्हे. दूषीविषाचे नाव घेऊन रक्ततपासणी टाळणाऱ्या वैद्याला आम्ही आदर्श मानत नाही. संशय आला की रक्तातील शिसे मोजून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

नियमांविषयी थोडक्यात. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्रीय आयुष विभागाने आदेश काढला आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिज औषधांसाठी शिसे, पारद, आर्सेनिक व कॅडमियम यांची तपासणी अनिवार्य केली. मर्यादा अशा: शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. चांगले झाले. पण त्या आदेशाने बॉस्टनच्या रुग्णासाठी जी सक्ती केली ती कुहीच्या रुग्णासाठी केली नाही. तेव्हा आम्हांला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. मात्र आता तो शासनावर कमी आणि आपल्यावर अधिक आहे. निर्यातीचा माल तपासणारा कारखानदार देशातला माल तपासू शकतच होता. त्याला कोणी अडवले नव्हते.

लहान औषधनिर्माता म्हणेल, आम्हांला हे परवडत नाही. त्याचे म्हणणे आम्ही खोटे मानत नाही. प्रत्येक द्रव्याच्या प्रत्येक पोत्याची तपासणी करायची तर अर्धा नफा प्रयोगशाळेला जाईल. पण तपासणी पोत्याची न करता जागेची करता येते. एका परिसरातून येणारी ब्राह्मी पाच औषधशाळा घेत असतील तर पाचांनी मिळून हंगामाच्या आरंभी एक नमुना तपासावा, खर्च वाटून घ्यावा, निकालही वाटून घ्यावा. त्यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे, कारण आपल्या व्यवसायात माणसे पैसे वाटून घेतील पण निकाल वाटून घेणार नाहीत. एकाने नाकारलेले पोते दुसऱ्याच्या दारात जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मागे आम्हीच नाकारलेली माक्याची पोती त्याच संध्याकाळी एका व्यापाऱ्याच्या गाडीत चढली. सांगायला संकोच वाटतो, की व्यापाऱ्याला कारण सांगावे असे त्या वेळी आमच्या मनात आले नाही.

हे होऊ शकते याचा एक दाखला शेजारच्या बांगलादेशात आहे. तिथे हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तीत शिशाचा पिवळा रंग, म्हणजे लेड क्रोमेट, मिसळला जात होता आणि गर्भवतींच्या रक्तातील शिसे त्यातून येत होते. २०१९ मध्ये बाजारातील तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले. शासनाने दंड केले, वृत्तपत्रांतून माहिती दिली, बाजारात उभ्याउभ्या तपासणी केली. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या पाटण्याच्या बाजारातील हळदीत दर ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असलेले नमुने निघाले, म्हणजे १००० पीपीएमच्या वर. हरिद्रा घेताना झळझळीत रंगावर भाळू नये. शक्य तिथे अख्खे हळकुंड घ्यावे, तेही पॉलिश न केलेले. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद आपल्या हाताशी असताना दूरच्या बाजारातील अनामिक भुकटी घेण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

आमच्या औषधशाळेत आता द्रव्यनोंदवहीत एक नवा रकाना आहे: 'स्थान आणि जल'. द्रव्य कोणत्या गावच्या शिवारातून, कोणत्या पाण्यावरून, रस्त्यापासून किती अंतरावरून आले, हे संकलकाला विचारून लिहितो. पहिल्या हंगामात लोक हसले. संकलकांना उत्तरे नीट माहीत असतात. आजवर कोणी विचारले नव्हते इतकेच. असा रकाना सर्व सभासद औषधशाळांनी ठेवावा आणि त्याचा एक समान नमुना आपल्या संघटनेने छापून द्यावा, असा प्रस्ताव आम्ही पुढील वार्षिक सभेत मांडणार आहोत. नदीकाठच्या पाणथळ द्रव्यांसाठी सामायिक नमुना-तपासणीचा दुसरा प्रस्तावही त्याच वेळी येईल. नागपुरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धातू मोजणारी यंत्रे शोधायला आपल्याला मुंबईला जावे लागत नाही.

त्या मावशीला आम्ही तलावावरचीच ब्राह्मी आणायला सांगितले. दोन घंट्यांऐवजी तिचा अख्खा दिवस जातो, म्हणून दर जवळजवळ दुप्पट द्यावा लागतो. पान बारीक येते, वजन भरत नाही, आणि चूर्णाचा रंगही पूर्वीइतका गडद नसतो. एकदोघा जुन्या रुग्णांनी तक्रार केली की वैद्यबुवा, आताची ब्राह्मी पूर्वीसारखी नाही. त्यांना कारण सांगितले. एकाला पटले, दुसऱ्याने वैद्य बदलला.

ते जुने पोते आमच्या मागच्या खोलीत अजून तसेच आहे. त्यात शिसे होते की नव्हते हे आम्ही आजही सांगू शकत नाही, कारण त्या वेळी नमुना पाठवला नाही. लाज वाटली, खर्च दिसला, आणि निकाल नको होता. जाळले तर जे असेल ते राखेत राहील, पुरले तर आमच्याच परसातल्या मातीत उतरेल, नाल्यात टाकले तर जिथून आले तिथे परत जाईल. वार्षिक सभेनंतर सामायिक तपासणी सुरू झालीच, तर पहिला नमुना त्याच पोत्यातून काढून पाठवायचा, असे आम्ही ठरवले आहे. निकाल काहीही आला तरी याच पानांवर छापू.